ठिबकच्या लाइनीतील दाब आणि रिड्यूसिंग व्हॉल्व्ह



मागील उन्हाळ्यात तळोदा तालुक्यातील एका सभासदाच्या ऊस प्लॉटवर जाणे झाले. सरीत पाण्याचे कारंजे उडत होते, दोन लॅटरल सबमेनपासून निसटून पडल्या होत्या. "साहेब, कॉक अर्धा दाबूनच ठेवला होता. सकाळी गेज एक किलो दाखवत होतं," असे त्यांचे म्हणणे. ते खरेच होते. सकाळी तिन्ही प्लॉट चालू होते. दुपारी दोन बंद केले आणि तिसऱ्याचे गेज तीन किलोच्या घरात गेले.

कॉक अर्धा दाबला म्हणजे पाणी चिंचोळ्या जागेतून जाते व तेथे दाब खर्च होतो. पाणी जास्त वाहील तेवढा दाब जास्त उतरतो. वाहणे कमी झाले की उतरणेही कमी, आणि पुढचे सर्व बंद केले तर मागचा पूर्ण दाब जसाच्या तसा पुढे जातो. कॉक पाणी कमी करतो, दाब धरून ठेवत नाही.

आपल्याकडे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. नदीकाठून पाणी उचलले की ते चढावरच न्यावे लागते. १० मीटर चढाला १ किलो दाब लागतो. शेवटचे शेत २० मीटर उंच असेल व मोटार त्या हिशेबाने घेतली असेल, तर नदीजवळच्या शेताला २ किलो दाब जादा मिळणारच. साध्या ड्रिपरमधून १ किलोला तासाला ४ लिटर पाणी पडत असेल, तर ३ किलोला ते ७ लिटरच्या जवळ जाते. म्हणजे एकाच्या उसात चिखल, भावाच्या उसात भेगा, आणि बांधावर भांडण.

रिड्यूसिंग व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग व रबरी पडदा असतो. पुढचा दाब वाढला की तो पडद्यावर रेटा देऊन तोंड मिटवतो, कमी झाला की स्प्रिंग तोंड उघडते. कारखान्यात बॉयलरची जादा दाबाची वाफ रस उकळण्याच्या कामी कमी दाबाला आणतात, तेथेही दाब आपोआप असाच धरला जातो.

व्हॉल्व्ह फिल्टरच्या पुढे बसवावा. मागे बसविला तर सँड फिल्टर उलटा धुण्यास दाब पुरत नाही. अंगावरील बाण पाण्याच्या दिशेने हवा. पुढे गेज लावून, प्लॉट चालू ठेवून स्क्रू फिरवावा. नंतर प्लॉट बंद करून गेज पाहावे. काटा थोडा वर चढून थांबला तर ठीक. चढतच राहिला तर सीटमध्ये कचरा अडकला आहे किंवा पडदा फाटला आहे.

व्हॉल्व्ह दाब वाढवू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या. शेवटच्या शेताला मुळात अर्धा किलो मिळत असेल तर तेथे तो घेऊन उपयोग नाही. उलट, सर्वच शेतांवर दाब जादा असेल तर दोष मोटारीच्या निवडीत आहे. तेथे व्हॉल्व्ह लावणे म्हणजे वीज जाळून दाब तयार करायचा आणि पुन्हा तो मोडायचा. सबमर्सिबल असेल तर मेकॅनिककडून एखादी स्टेज कमी करून घ्यावी. ते स्वस्त पडते.

त्या सभासदाने पहिल्या दोन प्लॉटच्या तोंडाशी व्हॉल्व्ह बसविले. वरच्या तिसऱ्याला गरज पडली नाही.