सैन्यभरतीतील वैद्यकीय अपात्रता आणि पुढील वाटा

पैनगंगेकाठच्या हदगाव तालुक्यातील तरुण सैन्यभरतीसाठी वर्षानुवर्षे पहाटे धावतो आणि अखेरीस वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरतो. २०२२ साली अग्निपथ योजना आली. २०२३ पासून सैन्यभरतीत आधी लेखी परीक्षा, नंतर १.६ किलोमीटरची धाव आणि शेवटी वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. साहजिकच शरीरातील दोष सर्वांत उशिरा कळतो.

सर्व दोष मात्र सारखे नसतात. कानातील मळ, किडलेले दात, अंडवृद्धी यांवर उपचार होतात; रंगांधळेपणा जन्मजात असल्यास हटत नाही. म्हणून उमेदवाराने अपात्रतेचे नेमके कारण समजून घ्यावे व मुदतीत लष्करी रुग्णालयातील फेरतपासणीस हजर राहावे.

पुढील व्यवसाय निवडतानाही हेच कारण ध्यानी घ्यावे. सपाट तळव्यांचा तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचे शिक्षण घेऊ शकतो. रंगांधळ्या तरुणाने रेल्वे इंजिनचालकाची नोकरी किंवा तारांचे रंग ओळखण्याचे काम टाळून लेखाकर्म, अध्यापन अथवा दुग्धव्यवसायाकडे वळणे हिताचे.

शिक्षकांनी दहावीतच इच्छुक मुलांचे डोळे, कान व पाय शासकीय रुग्णालयात तपासून घ्यावेत आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी वर्षातून एक दिवस नेमावा. त्यायोगे तरुणांची उमेदीची वर्षे वाचतील.