रिकाम्या पोटी निर्णय नको

देवगड

चि. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

सड्यावरच्या नानांचा नातू विशाखापट्टणमच्या गोदीत आहे. त्याने घरी फोनवर सांगितलं आणि जेटीवरून ते माझ्या कानावर आलं: पहिल्याच सेलिंगला तू बंकमधून उठली नाहीस, अन्नाला शिवली नाहीस आणि आता किनाऱ्यावरची बदली मागणार आहेस. ताईला मी काही बोललेलो नाही. खरंखोटं तूच कळव. त्याआधी एवढंच सांग, जेवतेस का?

राग आला मला. नेव्हीच्या ट्रेनिंगला चिल्क्याला ओडिशाच्या त्या दमट उकाड्यात धावलीस, जामनगरला ‘वालसुरा’त इलेक्ट्रिकलचं शिक्षण पुरं केलंस आणि आता ओकारीपुढे हात टेकणार? नोकरी चार वर्षांची, पुढे ठेवणार शंभरातले फार तर पंचवीस, हे आपण भरतीआधीच ओटीवर बसून बोललो होतो. ‘त्या पंचवीसात मी असेन’ हे तेव्हा कोण म्हणालं होतं? मी नाही.

अगं, बोट सगळ्यांना लागते. खाली मेसमध्ये डोळ्यांना भिंत जागच्या जागी दिसते, कानातला तोल सांगतो आपण हलतोय. त्यांचं जमत नाही आणि भुर्दंड पोटाला. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत बसतं. मी ‘तारागिरी’ जहाजावर होतो तेव्हाचे आमचे एक चीफ मात्र दर सेलिंगला बादली शेजारी ठेवून वॉच करायचे आणि वॉच कधी चुकवला नाही. तू सुकी बिस्किटं खा, चपातीचा तुकडा चघळ, पाणी घोट घोट घे. पोट रिकामं ठेवलंस तर मळमळ वाढतेच. गोळी घ्यायची तर जहाज सुटण्याआधी, मेडिकलवाल्यांना विचारून. त्यात कसली लाज? आणि वर जायला परवानगी असेल तेव्हा डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघ.

हे शेवटचं मी कधी केलं नाही. माझी ड्युटी बॉयलर रूममध्ये, पाणरेषेच्या खाली. ‘तारागिरी’ वाफेवर चालणारी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. आत अशी धग की घामोळं कधी गेलंच नाही. मिडल वॉच पहाटे चारला सुटला की सरळ बंकवर. थोडं थांबलो असतो तर समुद्रातला सूर्योदय दिसला असता. तेव्हा वाटायचं, उद्या बघू. आता रोज जेटीवर बसतो आणि समुद्राचं सगळं कौतुक किनाऱ्यावरून करतो. तुझी मामी हसते, म्हणते, नेव्हीत होतात की गिरणीत?

कमांडर दिलीप दोंद्यांचं मी तुला सांगितलंय, पुन्हा सांगतो. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले, मे 2010 मध्ये परतले. लोक एवढंच लक्षात ठेवतात. मला आवडतो तो त्याआधीचा काळ. मूळचे ते पाणबुडे, डायव्हर. असल्या सफरीचा अनुभव नव्हता. 2006 मध्ये या सफरीला हो म्हणाले आणि मग गोव्यात दिवाडीच्या यार्डात त्यांची बोट ‘म्हादेई’ बांधली जात असताना तिच्याबरोबर राहून शिकत गेले. वाटेत चार बंदरांत थांबलेही. थांबले म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं नाही.

तेव्हा तूही थांब, पण बंदरात. जहाज धक्क्याला लागू दे, अंघोळ कर, पोटभर भात खा, एक रात्र नीट झोप. मग अर्जाचा विचार कर. डोलत्या जहाजात, उपाशी पोटी काही लिहून देऊ नकोस. आणखी दोन-तीन सेलिंग करूनही शरीराने ऐकलं नाही, तर डिव्हिजनल ऑफिसरना उघड सांग. किनाऱ्यावरही नेव्हीचंच काम असतं. त्यातही मला कमीपणा वाटायचा नाही. आणि चार वर्षांनी घरी आलीस तर आलीस. तुझी खोली मामीने कुणाला दिलेली नाही, फक्त तिथे सध्या आमसुलं वाळत घातलीयेत.

वर रागाने लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. तू रडलीस असंही तो पोरगा म्हणाला म्हणे. तेव्हापासून माझंच जेवणात लक्ष नाही.

पार्सलमध्ये आलेपाकाच्या वड्या आहेत, मामीने केलेल्या. मेसमधल्या मुलींनाही दे, पण सगळ्या वाटून टाकू नकोस, तुझी सवय ठाऊक आहे. रविवारी ताईला फोन कर. तिच्याशी बोलून झालं की मला कर, कितीही उशीर होऊ दे.

तुझा,
मामा