वर्गमित्राचे लेखन वाचताना
हस्तलिखित अंक आणि अभिप्रायाचे शिक्षण

महाराष्ट्रातील शाळांमध्ये हस्तलिखित अंक काढण्याची प्रथा जुनी आहे. मुखपृष्ठावर सरस्वतीचे किंवा एखाद्या किल्ल्याचे चित्र, आत सुवाच्य अक्षरात उतरवलेले निबंध, कविता, कोडी आणि प्रवासवर्णने असे त्याचे स्वरूप असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होते. टाळ्या वाजतात आणि त्यानंतर अंक मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. अंकासाठी किती विद्यार्थ्यांनी लिहिले, याची नोंद अहवालात होते. तो किती विद्यार्थ्यांनी वाचला आणि वाचून लेखकाला काय सांगितले, याची नोंद मात्र कोठेही होत नाही.

लेखन कसे करावे, हे आपण मुलांना शिकवतो. सोबत्याने लिहिलेले कसे वाचावे आणि त्याला दाद कशी द्यावी, हे क्वचितच शिकवतो. वास्तविक ही दोन्ही अंगे परस्परांवर अवलंबून आहेत. आपले लिहिणे कोणीतरी लक्षपूर्वक वाचणार आहे, असा विश्वास असल्यावाचून मूल मनापासून लिहीत नाही. या लेखात त्या दुर्लक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे.

टिटवाळ्याची एक आठवण

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील टिटवाळा हे गाव महागणपतीच्या मंदिरामुळे सर्वांना परिचित आहे. काळू नदीच्या परिसरातील हे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली म्हणजे अंगारकीचा योग येतो आणि गाव भाविकांनी फुलून जाते. त्या गर्दीवर फुले, दूर्वा, नारळ विकणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा निर्वाह चालतो.

1994 साली प्रस्तुत लेखक तेथे इयत्ता नववीत शिकत होता आणि वर्गाच्या हस्तलिखिताचा विद्यार्थी-संपादक होता. मंदिराच्या वाटेवर दूर्वा विकणाऱ्या कुटुंबातील एका वर्गमित्राने अंकासाठी 'आमच्या घरची अंगारकी' हा निबंध दिला. आदल्या रात्री सारे घर दूर्वांच्या जुड्या बांधण्यास बसते, प्रत्येक जुडीत 21 दूर्वा मोजाव्या लागतात, धाकटी बहीण एकोणिसावर येऊन नेहमी अडखळते आणि आई न रागावता तीच जुडी पुन्हा मोजते, असे त्याने लिहिले होते. भाषा घरची होती. 'पाणी' ऐवजी 'पानी' आणि 'आणि' ऐवजी 'आनि' असे शब्द होते. निबंध वर्गात वाचला गेला तेव्हा त्या शब्दांवर मुले हसली. संपादकाने लाल शाईने ते शब्द दुरुस्त केले. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने शीर्षक बदलून 'अंगारकी चतुर्थीचे महत्त्व' असे केले, धाकट्या बहिणीचा परिच्छेद गाळला आणि त्या जागी एका पुस्तकातील माहिती घातली. अंक नेटका दिसला.

पुढील वर्षी निबंध मागावयास गेलो तेव्हा तो मित्र शांतपणे म्हणाला, "तूच लिही की, नाव माझं घाल."

एक हुशार मुलगा लेखनापासून कसा दूर गेला, हे त्या वाक्यात सामावलेले आहे. त्याचा अपमान करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. त्याने काय लिहिले आहे, ते कोणी वाचलेच नव्हते, एवढेच घडले होते.

दाद म्हणजे स्तुती नव्हे

मराठीच्या तासाला विद्यार्थी कवितेचे रसग्रहण लिहितात. रसग्रहण या शब्दातच ग्रहण करण्याची, म्हणजे स्वीकारण्याची क्रिया आहे. भारतीय साहित्यशास्त्राने वाचकाला 'सहृदय' म्हटले. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने या सहृदयाला काव्यव्यवहारात मोठे स्थान दिले. लेखकाच्या अनुभवाशी तन्मय होण्याची पात्रता ज्याच्या मनाने अभ्यासाने मिळवली आहे, तो सहृदय. म्हणजेच चांगला वाचक होण्यासाठीही अभ्यास लागतो.

पाठ्यपुस्तकातील कवीसाठी आपण हा अभ्यास करतो. शेजारच्या बाकावरील लेखकाच्या वाट्याला मात्र 'छान' हा एक शब्द किंवा शुद्धलेखनाच्या चुकांची यादी येते. 'छान' या शब्दाने कोणाचे नुकसान होत नाही, परंतु लाभही होत नाही, कारण तो न वाचताही लिहिता येतो. चुकांची यादी उपयुक्त असली तरी ती लेखनाच्या कपड्यांविषयी बोलते, लेखनाविषयी नव्हे.

थोडी परंपरा

विद्यार्थ्याच्या लेखनाची कदर झाली म्हणजे काय घडू शकते, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज मराठी सामाजिक विचाराच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो. एका शाळकरी मुलीने लिहिले आणि मोठ्यांनी ते छापण्यायोग्य मानले, म्हणून तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचला.

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयात त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले आणि पुढे 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. आपल्यासाठी कोणीतरी रोज लिहिते, हा अनुभव छात्रालयातील मुलांना त्या दैनिकाने दिला. प्रौढ लेखकांनाही अशा सोबतीची गरज भासते. 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी एकत्र जमून परस्परांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करीत.

परदेशातील एक प्रयोगही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या खेड्यातील शाळेत 1924 साली एक लहानसे छपाई यंत्र आणले. मुले आपल्या अनुभवावर मजकूर लिहीत आणि वर्गात वाचून दाखवीत. कोणता मजकूर छापावयाचा, हे वर्ग मतदानाने ठरवी आणि निवडलेला मजकूर लेखकाच्या उपस्थितीत सर्वांनी मिळून सुधारला जाई. 1926 पासून ही पाने ब्रिटनी प्रांतातील एका शाळेशी देवाणघेवाणीने पाठवली जाऊ लागली. डोंगराकडील मुलांना समुद्रकाठची मुले वाचू लागली. सुधारणा लेखकाच्या उपस्थितीत होत असे, हा त्यातील महत्त्वाचा धडा आहे. टिटवाळ्याच्या त्या संपादकाने नेमकी हीच गोष्ट केली नव्हती.

एक उतारा, तीन अभिप्राय

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, आठवीतील एका विद्यार्थ्याने 'माझे बाबा' या विषयावर पुढीलप्रमाणे लिहिले आहे :

"बाबा पहाटेच्या लोकलने जातात तेव्हा मी झोपलेलो असतो. रात्री येतात तेव्हा पण मी झोपलेलो असतो. रवीवारी आम्ही दोघे भाजी आणायला जातो. बाबा पीशवी माझ्याकडे देत नाहीत. म्हणतात, सहा दिवस तू घर सांभाळतोस, आज माझी पाळी."

पहिला अभिप्राय : "निबंध खूप छान आहे. असेच लिहीत राहा."

दुसरा अभिप्राय : "रविवारी आणि पिशवी हे शब्द चुकले आहेत. निबंध लहान आहे. शेवटी तात्पर्य नाही."

तिसरा अभिप्राय : "झोपलेलो असतो, हे तू दोनदा लिहिले आहेस. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या बाबांचा दिवस किती लांब असतो, ते मला कळले. माझे वडीलही असेच जातात, पण हे लिहिण्यासारखे आहे, असे मला कधी वाटले नव्हते. भाजी आणताना तुम्ही दोघे काय बोलता, ते वाचावयास आवडेल. रविवारी आणि पिशवी या शब्दांतील पहिली वेलांटी तपासून घे."

पहिला अभिप्राय कोणत्याही निबंधाला चिकटवता येईल. दुसऱ्यातील शुद्धलेखनाच्या सूचना बरोबर आहेत, पण तात्पर्याची मागणी चुकीची आहे. या उताऱ्याचे सामर्थ्य त्याच्या संयमात आहे. तात्पर्य जोडल्यास तो बिघडेल. तिसरा अभिप्राय देणाऱ्या विद्यार्थ्याने उतारा दोनदा वाचला आहे, हे उघड दिसते. त्याने नेमके वाक्य दाखवले, त्याचा स्वतःवर झालेला परिणाम सांगितला, पुढे लिहिण्यास वाव दिला आणि चूकही लपवली नाही. शिवाय अभिप्राय देता देता त्याला स्वतःला लिहिण्याचा एक विषय सापडला. दाद देणाऱ्याचा लाभ होतो, तो असा.

अभिप्रायाच्या पाच पायऱ्या

पुढील क्रम विद्यार्थ्यांनी सवयीने अंगी बाणवावा.

1. लेखन दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात हातात पेन घेऊ नये.

2. मनात राहिलेले एक वाक्य, शब्द किंवा प्रसंग निवडून तो जसाच्या तसा उतरवावा. 'भाषा ओघवती आहे' यासारखी सर्वांना लागू पडणारी वाक्ये टाळावीत.

3. त्या वाक्याने आपल्याला काय आठवले, काय नव्याने कळले, ते एक-दोन वाक्यांत प्रामाणिकपणे लिहावे. काही जाणवले नसल्यास खोटी स्तुती करू नये. न कळलेली जागा दाखवणे हीसुद्धा लेखकाला मदतच होय.

4. खऱ्या कुतूहलाचा एक प्रश्न विचारावा.

5. सूचना शेवटी, मोजकी आणि सौम्य शब्दांत करावी. बदल करावयाचा किंवा नाही, हे लेखकाने ठरवावे.

बोलीभाषेतील शब्दांविषयी विशेष काळजी घ्यावी. आगरी, ठाकरी, कातकरी, वऱ्हाडी, अहिराणी अशा बोली घरी बोलणारी मुले आज एकाच वर्गात बसतात. प्रमाणभाषा त्यांना आलीच पाहिजे, यात दुमत नाही. तथापि संवादातील बोली ही चूक नसून त्या लेखनाचा प्राण असू शकते. अनोळखी शब्द दिसताच हसण्याऐवजी त्याचा अर्थ विचारला, तर वर्गाच्या शब्दसंग्रहात एका शब्दाची भर पडते.

शाळांना करता येण्याजोगे

या उपक्रमाला वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. हस्तलिखितात प्रत्येक लेखानंतर एक कोरे पान ठेवावे आणि त्यावर वर्गमित्रांनी नावासह अभिप्राय लिहावेत. चार-चार विद्यार्थ्यांचे वाचन गट करून महिन्यातून एक तासिका परस्परांच्या लेखनासाठी द्यावी. प्रत्येक लेखकाला किमान एक अभिप्राय मिळेल, याकडे शिक्षकांनी लक्ष ठेवावे, कारण टाळ्या नेहमी त्याच दोन-तीन मुलांना मिळतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत 2010 पासून शिक्षक वर्णनात्मक नोंदी करीत आले आहेत. अशा नोंदीतील नेमकेपणा विद्यार्थ्यांनीही शिकावा.

अंक शाळेबाहेरही जावा. ठाणे जिल्ह्याला ग्रंथालयांची मोठी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 मध्ये स्थापन झाले. ठाण्याने 2010 मध्ये आणि डोंबिवलीने 2017 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. अशा परिसरातील शाळांनी फ्रेने यांच्याप्रमाणे परस्परांत अंकांची देवाणघेवाण केल्यास टिटवाळ्याच्या मुलाला मुरबाडचा किंवा शहापूरचा वाचक मिळेल. मुलांचे निवडक लेखन बालभारतीच्या 'किशोर' मासिकाकडे पाठवण्याचा मार्गही खुला आहे. 1971 पासून हे मासिक मुलांची सोबत करीत आले आहे.

समारोप

सोबत्याचे लेखन वाचून त्याला नेमके काही सांगणे ही लहान गोष्ट वाटते. परंतु जे मूल घरातील पहिल्या पिढीचे लेखन करीत असते, त्याच्या दृष्टीने शाळेतील वाचक हाच पहिला आणि पुष्कळदा एकमेव वाचक असतो. त्याने पाठ फिरवली तर दुसरा वाचक येण्यापूर्वीच लेखणी खाली ठेवली जाते.

1994 सालच्या त्या हस्तलिखितात 'अंगारकी चतुर्थीचे महत्त्व' हा निर्दोष लेख आहे. त्यात एकही शब्द अशुद्ध नाही. एकोणिसावर अडखळणारी धाकटी बहीण आणि तीच जुडी पुन्हा मोजणारी आई मात्र त्यात नाहीत. यंदा ज्या शाळांत हस्तलिखिताची तयारी सुरू होईल, तेथील विद्यार्थी-संपादकांनी लाल शाईचे पेन उघडण्यापूर्वी लेखकाशेजारी बसावे आणि त्याचा निबंध त्याच्याच तोंडून एकदा ऐकावा.