ऑइल जाड नको, टिकणारं हवं

समृद्धी महामार्गावर मोटरसायकलला मनाई आहे. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातली गाडी धावते ती रिसोड, मानोरा, मंगरूळपीरच्या रस्त्यांवर आणि वावराच्या पांदणीत. तीही ओझं घेऊन, मे महिन्याच्या चाळिशीपार उन्हात. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल असतं. दाटपणा राखण्यासाठी त्यात घातलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या गिअरच्या दात्यांत तुटतात आणि ऑइल पातळ होतं.

काय करावे

• गाडीच्या पुस्तिकेतलाच ग्रेड घ्या. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, नव्या क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५०.

• ग्रेडमधला दुसरा आकडा नीट पाहा. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहील, ते तो सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पहिला आकडा थंडीचा. आपल्याकडच्या हिवाळ्यात २०डब्ल्यूनेही इंजिन सुरू व्हायला अडचण नाही.

• गिअरच्या गाडीसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ शोधा. या मानकात क्लचची पकड तपासली जाते, तसंच ऑइल किती पातळ होऊ शकतं यालाही मर्यादा असते.

• रोज ओझं, रोज लांब पल्ला असेल तर त्याच ग्रेडचं सिंथेटिक घ्या. त्याचं मूळ तेलच उष्णतेत दाटपणा राखतं, पॉलिमर कमी लागतं.

काय टाळावे

• ‘उन्हाळा आहे, जाड टाका’ हा सल्ला. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकलं, तर सकाळी ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोचतं, इंजिन जड फिरतं, ॲव्हरेज घटतं.

• कारचं ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल. क्लच घसरू शकतो.

• रंगावरून निकाल. चांगलं ऑइलही काजळी धरून ठेवतं, म्हणून काळं पडतं. बदलताना किलोमीटर मोजा.

• रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन जागेवर तापतच राहतं.

• सुटं, सील नसलेलं ऑइल.

• वरून थोडं थोडं ओतून बदलण्याची मुदत लांबवणं. काडीवरची पातळी भरते. तुटलेल्या साखळ्या मात्र जुळत नाहीत.