वार ठरव, घाई सोड

डॉक्टरांनी साखरेसाठी मौंजारोचं इंजेक्शन लिहून दिलंय, पेन आणून फ्रिजमध्ये ठेवलंयस आणि आता त्याला हात लावायची भीती वाटतेय, हो ना? ये, बस. एकेक करून सांगते.

हे आठवड्यातून एकदाच टोचायचं, म्हणून आधी वार ठरव. रोज मांजर्लीतून रिक्षा, मग बदलापूरहून लोकल, त्यात तुला कुठला निवांतपणा? म्हणून रविवार बरा. जेवणाआधी घे की नंतर, काही फरक पडत नाही. कालनिर्णयवर खूण मात्र कर. एखादा रविवार हुकलाच तर 4 दिवसांच्या आत, म्हणजे गुरुवारपर्यंत घेता येतं. त्यानंतर आठवलं तर तो डोस सोडायचा आणि पुढच्या रविवारी नेहमीचाच घ्यायचा. दोन डोस एकदम कधीच नाहीत गं.

खरं सांगू का, सुईपेक्षा घाईला जप. सुरुवात 2.5 मिलिग्रॅमची, 4 आठवडे. हा डोस शरीराला औषधाची सवय व्हावी म्हणून असतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात साखर फारशी हलली नाही तर खचू नकोस. मग 5. त्यापुढे वाढवायचं तर 2.5 नं, प्रत्येक टप्प्यावर किमान 4 आठवडे थांबून, आणि डॉक्टर म्हणाले तरच. शेजारच्या वहिनी 7.5 वर असल्या तर असू देत. त्यांचा डोस त्यांचा.

पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून किंवा मांडीवर टोच. दर वेळी जागा बदल, सुई नवी घे. बटण पूर्ण दाबलं की सावकाश 5 पर्यंत मोज, मगच सुई काढ. आणि हे बघ, त्या पेनात डोस 4 च. नंतर तळाशी औषध दिसलं तरी ते वापरायचं नाही. महागाचं आहे, जीव हळहळतो, पण टाकून दे.

मळमळ होईल. थोडं थोडं जेव, तळलेलं कमी कर, पोट भरलं की पानावरून ऊठ. उलट्या झाल्या तर घोट घोट पाणी पीत राहा. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायचं का, ते आधी डॉक्टरांना विचार. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून पर्समध्ये ग्लुकोज ठेव. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर 4 आठवडे निरोधही वापरा. बाळाचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांग.

वापरायला काढलेलं पेन 30 अंशांखाली 30 दिवस टिकतं. बदलापूरचा मे महिना त्याहून तापतो, म्हणून ते फ्रिजमध्येच ठेव, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं पेन वापरायचं नाही.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नकोस. पोटात जोरात दुखून कळ पाठीपर्यंत गेली आणि थांबेना, तर लगेच दवाखाना गाठ.

पहिल्यांदा हात थरथरला तर पेन घेऊन डॉक्टरांकडेच जा आणि त्यांच्यासमोर टोचून घे. दुसऱ्या रविवारी तुझं तुला जमेल बघ.