लॉगिननंतर पडदा काळा

प्रश्न : उबुंटूवर पीपीएतून (उबुंटूबाहेरच्या पॅकेज-भांडारातून) मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरची चाचणी आवृत्ती टाकली. लॉगिन केलं की पडदा काळा. काय करू?
– एक विद्यार्थी, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर : घाबरू नका, आणि लगेच फॉरमॅटही मारू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, बहुधा मजकुराचा पडदा उघडेल. आधी कर्नलचा लॉग फाइलमध्ये उतरवून घ्या, पुरावा तोच. मग पीपीए-पर्ज ही आज्ञा चालवा, उबुंटूची मूळ पॅकेजेस परत येतील.

तक्रार पीपीए सांभाळणाऱ्यांकडे करा. दोष मेसाचाच निघाला तर मेसाच्या गिटलॅबवर. ‘चालत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. ग्राफिक्स कार्ड, कर्नल, मेसाची आवृत्ती लिहा. शेवटची नीट चाललेली आवृत्ती सांगितलीत, तर निम्मा शोध तिथंच संपतो. साधं, मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. अभ्यासाच्या एकमेव लॅपटॉपवर मात्र असे प्रयोग करू नका.