थर्मल स्कोप घेताय? आधी पूर्ण बिल पाहा

ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिनच्या बाहेर तुमची थोडी जमीन असेल आणि रानडुकरं ती रातोरात उकरून टाकत असतील, किंवा रँचवाला मित्र शिकारीला बोलावत असेल, तर पहिला प्रश्न पैशांचाच येतो. अंधारात डुक्कर आणि कोयोट टिपण्यासाठी कामाचा थर्मल स्कोप साधारण १,५०० ते ३,५०० डॉलरना मिळतो. पण तेवढ्यात भागत नाही. बाकीची जुळवाजुळव धरली तर खर्च स्कोपच्या किमतीच्या दीडपटीच्या पुढे जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा, आणि सुरुवात कागदपत्रांपासून करा.

आधी कागद

टेक्सासात रानडुकराला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही आणि रात्रीची बंदीही नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकार परवानाही लागत नाही. कोयोटचं तसं नाही. तो वर्षभर, दिवसा-रात्री मारता येतो, पण परवाना लागतो. जनावरांवर हल्ला करणाऱ्या कोयोटसाठी जमीनमालकाला आणि त्याच्या माणसाला तेवढी सूट आहे. राज्यातल्या रहिवाशाचा साधा परवाना २५ डॉलरचा. त्याची मुदत ३१ ऑगस्टला संपते, तुम्ही तो कधीही काढलेला असो.

आता एच-वन-बी, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ‘डुकराला परवाना लागत नाही’ हे ऐकून तुम्ही परवाना न काढता रायफल हातात घेतलीत, तर तो केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. त्यातून सुटण्याच्या मोजक्या वाटांपैकी सोपी वाट म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे डुकरासाठी नसला, तरी तुमच्या व्हिसासाठी हा परवाना लागतो. मित्राची बंदूक वापरली तरी हाच नियम. ३१ ऑगस्टला परवाना संपला की तुमची सूटही संपली, म्हणून नवा परवाना आधीच काढा. तो साधारण ऑगस्टच्या मध्यापासून मिळू लागतो. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. बंदूक दुकानातून घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात व्हिसाचा प्रश्न थेट विचारलेला असतो आणि परवाना दाखवावा लागतो. तिथे अंदाजाने खूण करू नका. स्थलांतराचा अर्ज अधांतरी असेल तर वकिलाची एक भेट नंतरच्या भानगडीपेक्षा नक्कीच स्वस्त.

स्कोप म्हणजे बंदूक नव्हे, त्यामुळे तो घेताना हा फॉर्म नसतो. तरी काही विक्रेते फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच विकतात. पैसे भरण्याआधी विचारा.

अजून दोन गोष्टी. जमीन छोटी असेल, म्हणजे वसाहतीतला दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉट असेल, तर काउंटीला तिथे गोळीबारावर निर्बंध घालता येतात. आधी काउंटीच्या कचेरीत फोन करा. शहराच्या हद्दीत असाल तर शहराचे नियम वेगळे. दुसऱ्याच्या जमिनीवर जाणार असाल तर संमती लेखी घ्या आणि निघण्यापूर्वी त्या भागातल्या गेम वॉर्डनला कळवा. ते सक्तीचं नाही, पण रात्री गोळीचा आवाज ऐकून कोणी तक्रार केली तर तो एक फोन तुमच्या कामी येतो. हरणाची शिकार रात्री बेकायदा आहे, हे वॉर्डन कधीच विसरत नाही.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं ते बहुधा सगळ्यात निरुपयोगी असतं: ‘डिटेक्शन रेंज १,८०० यार्ड’. याचा अर्थ इतकाच, की माणसाच्या उंचीची गरम वस्तू तिथे असेल तर पडद्यावर एखादा ठिपका उमटेल. तो ठिपका डुक्कर आहे, वासरू आहे की शेजाऱ्याचा कुत्रा आहे, हे त्यावरून कळत नाही. तुम्हाला गोळी ठिपक्यावर झाडायची नाही. विक्रेत्याला एकच विचारा: डुक्कर आणि वासरू यांतला फरक मला किती यार्डांवर खात्रीने कळेल?

त्याने टाळाटाळ केली तर हिशोब स्वतः करा. सेन्सरच्या एका ठिपक्याची रुंदी, बहुतेक नव्या स्कोपमध्ये १२ मायक्रॉन, हिला भिंगाच्या मिलिमीटरने भागा आणि ३.६ ने गुणा. १०० यार्डांवर एक ठिपका किती इंच झाकतो, ते मिळतं. ३५ मिमी भिंगाला हा आकडा येतो सव्वा इंच, म्हणजे २०० यार्डांवर सुमारे अडीच इंच. चार फूट लांबीचं डुक्कर तिथे एकोणीसेक ठिपक्यांचं दिसेल. पाठीची कमान, लांबुडकं तोंड, खाली झुकलेली शेपटी ओळखता येते. कोयोटच्या पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर दहाएक इंच, म्हणजे चारच ठिपके. तेवढ्यावरून कोयोट आणि शेळ्या राखणारा कुत्रा यांतला फरक करू नका. टेक्सासात शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात रात्रभर राखणीचे कुत्रे असतात. १९ मिमीच्या छोट्या भिंगातून तर २०० यार्डांवरचं डुक्करही दहा-अकरा ठिपक्यांचंच उरतं.

इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. ३८४ आणि ६४० हे सेन्सरचे आकडे ऐकून वाटतं, ६४० मध्ये जनावर जास्त स्पष्ट दिसेल. भिंग तेच आणि ठिपक्याची रुंदी तीच असेल, तर जनावरावर पडणारे ठिपकेही तेवढेच. जास्तीच्या पैशांत तुम्हाला मिळतो तो रुंद देखावा. ३५ मिमी भिंगाने १०० यार्डांवर ३८४ चा सेन्सर सुमारे ४० फूट रुंदी दाखवतो, ६४० चा ६५ फुटांच्या वर. पळणाऱ्या कळपावर हा फरक मोठा असतो. मक्याच्या फीडरवर बसून एकेक जनावर मारायचं असेल तर नाही. डिजिटल झूमने नवे ठिपके येत नाहीत, आहेत तेच मोठे होतात. ६४० वर दुप्पट झूम केलात की हातात ३२० उरतात.

माझं मत असं: १५० यार्डांच्या आतली डुकरं मारायची असतील तर ३८४ चा सेन्सर आणि ३५ मिमी भिंग पुरतं. मोकळ्या माळावर कोयोट मारायचे असतील तर ५० मिमी भिंग घ्या आणि परवडत असेल तर ६४० चा सेन्सर. २५६ चा सेन्सर फीडरवर ७५-१०० यार्डांसाठी ठीक, त्यापुढे नाही.

बाकीचे आकडे पटकन पाहून घ्या. एनईटीडी म्हणजे तापमानातला किती बारीक फरक पकडतो. मिलिकेल्विनमध्ये असतो, कमी तितका चांगला. २५ च्या खालचा बघा. आखाताच्या किनाऱ्याजवळ राहत असाल तर याकडे जास्त लक्ष द्या, कारण दमट हवेत आणि धुक्यात थर्मलचं चित्र फिकं पडतं. चित्र सेकंदाला ५० वेळा बदलणारं हवं. ९ हर्ट्झचा स्कोप घेऊ नका, पळतं जनावर तुकड्या-तुकड्यांत दिसतं. रायफल .३०८ ची असेल तर स्कोप तेवढा झटका सोसतो का, हे माहितीपत्रकात लेखी पाहा.

बिलात न दिसणारा खर्च

किमती साधारण अशा: २५६ चे ८०० ते १,३०० डॉलर, ३८४ चे १,५०० ते २,५००, ६४० चे २,८०० पासून ६,०००, आणि त्याहून वरचे ८,००० च्या पुढे. अंतर मोजणारा लेझर आत बसवलेला असेल तर तीन-पाचशे डॉलर जास्त. २०० यार्डांपुढे जाणार नसाल तर तो नको. थर्मलमध्ये अंतराचा अंदाज चुकतो हे खरं, पण तुमचा फीडर किती यार्डांवर आहे ते दिवसा मोजून ठेवता येतं.

आता २,००० डॉलरच्या स्कोपचा हिशोब मांडू. माउंट १५०, पुष्कळदा तो खोक्यात नसतो. जास्तीच्या बॅटऱ्या आणि चार्जर ६०. तिवई २००. काडतुसं १००. आणि हातातली थर्मल दुर्बीण ७००. या सगळ्यावर विक्रीकर: राज्याचा सव्वासहा टक्के आणि स्थानिक धरून जास्तीत जास्त सव्वाआठ टक्के, म्हणजे आणखी सुमारे २६५. बेरीज ३,४७५ च्या आसपास. रायफल यात धरलेली नाही.

हातातल्या दुर्बिणीचा खर्च पुष्कळांना चैन वाटतो. तो टाळू नका. ती नसेल तर तुम्ही अंधारात काय आहे ते बघायला भरलेली रायफलच इकडून तिकडे फिरवता, आणि नळी कधी घराकडे, कधी मित्राकडे वळते. बजेट तोकडं असेल तर स्कोप एक पायरी खालचा घ्या, पण दुर्बीण घ्या.

बॅटरीचे तास खोक्यावर लिहिलेले असतात ते चांगल्या परिस्थितीतले. चित्रण चालू, वायफाय चालू, थंडीची रात्र, की ते पटकन खाली येतात. बॅटरी कोणती लागते ते विचारा. १८६५० सारखी बाजारात सहज मिळणारी चालत असेल तर बरं. कंपनीचीच खास बॅटरी असेल तर ती महाग पडते.

कुठे आणि कधी घ्यायचा

दुकानातून घ्या, निदान बघायला तरी दुकानात जा, आणि अंधार पडल्यावर जा. दिव्याच्या उजेडात, काउंटरवर, सगळे स्कोप छान दिसतात. विक्रेत्याला तो बाहेर आणायला सांगा. काचेच्या दारातून पाहू नका, थर्मलला काचेपलीकडचं दिसत नाही. पार्किंगच्या टोकाची झाडं पाहा, फांद्या वेगळ्या दिसतात का? चित्रात न हलणारी रेघ किंवा मेलेला ठिपका आहे का? स्कोप अधूनमधून टक् असा आवाज करून क्षणभर गोठतो. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, तो दोष नाही. फक्त ते हाताने करायची सोय आहे का, ते बघा. ऐन नेमाच्या वेळी चित्र गोठायला नको.

जानेवारीत लास वेगासला शॉट शो भरतो, तिथे नवी मॉडेलं येतात आणि जुन्यांच्या किमती उतरतात. नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेलाही सूट असते. जाहिरातीत किमान किंमत कंपनी ठरवून देते, त्यामुळे सगळीकडे तोच आकडा दिसतो. फोन केलात की तोच विक्रेता माउंट फुकट देतो किंवा शे-दोनशे कमी करतो. मागायला संकोच करू नका.

परतीचा नियम लेखी घ्या. खोकं उघडल्यावर परत न घेणारी दुकानं आहेत, आणि घेणारी ‘पुन्हा साठवण्याचा’ आकार म्हणून दहा-वीस टक्के कापतात. दोन हजारांवर चारशे डॉलर गेले म्हणून समजा. वॉरंटी तीन वर्षांची की पाचची, ती दुसऱ्याच्या नावावर जाते का, आणि दुरुस्तीसाठी स्कोप देशाबाहेर पाठवावा लागतो का, हे तीन प्रश्न विचारा. जुना स्कोप घेत असाल तर मूळ पावतीशिवाय घेऊ नका.

अजून मन पक्कं नसेल तर एक रात्र वाटाड्याबरोबर जा. थर्मलसकट माणशी साधारण २०० ते ४०० डॉलर पडतात. टीप आणि मांस कापण्याचे पैसे वेगळे आहेत का, ते आधी विचारा. आणि तुमचा हेतू शिकार नसून शेत वाचवणं हा असेल, तर स्कोपआधी मोठ्या कुंपणाच्या सापळ्याचा विचार करा. गोळीने कळपातली एक-दोन पडतात, उरलेली सावध होतात. सापळ्यात अख्खा कळप येऊ शकतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ॲग्रीलाइफ विस्तार सेवेची तुमच्या काउंटीतली कचेरी याबद्दल सल्ला देते.

स्कोप घरी आला की नेम बसवायला साधं कागदी लक्ष्य चालत नाही, कारण कागद आणि फळीचं तापमान एकच असतं. पुठ्ठ्यावर हात गरम करायची पुडी चिकटवा, ती चमकते. ५० यार्डांवर बसवा, मग १०० वर तपासा. स्कोप काढून पुन्हा चढवलात तर पुन्हा तपासा.

भारतात जाताना हा स्कोप सामानात घालू नका, भावासाठी नाही आणि गावच्या शेतासाठी तर नाहीच. सरकारी निर्यात परवान्याशिवाय तो अमेरिकेबाहेर नेणं हा गंभीर गुन्हा आहे. कायमचे परतणार असाल तर निघण्याच्या दोन-तीन महिने आधी तो इथेच दुकानाला विका. किंमत थोडी कमी येईल, पण व्यवहाराची नोंद दुकानाकडे राहते. मूळ खोकं, पावती आणि बॅटऱ्या एकत्र असतील तर भाव बरा मिळतो.